उभ्या गाडीचा विमा: खंड पडला की नेमकं काय अडतं

"गाडी दोन वर्षं जागची हलली नाही, मग विमा कशाचा भरायचा होता?" विम्याच्या कंपनीत किंवा एजंटापुढे बसून हा सवाल करणारा माणूस मला तरी अडाणी वाटत नाही. गाडी चालवलीच नाही तर अपघात कुठून होणार, हा हिशोब रास्तच आहे. फक्त तो अर्धा आहे. उरलेला अर्धा समजला नाही, तर गाडी पुन्हा रस्त्यावर काढायच्या वेळी एका कागदासाठी दुसरा आणि दुसऱ्यासाठी पहिला, असं चक्र सुरू होतं.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण इथे बऱ्याच जणांना उगाच भीती असते, आणि काहींना उगाच धीर. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 146 प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी वाहन वापरायचं तर थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा विमा, हवाच. शब्द 'सार्वजनिक ठिकाणी वापरणं' असे आहेत. गावच्या घराच्या बंद पडवीत ठोकळ्यांवर चढवून ठेवलेल्या जीपसाठी कोणी तुम्हाला पावती फाडायला येणार नाही. पण 'सार्वजनिक ठिकाण' म्हणजे जिथे लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा. गल्लीच्या कडेला झाकण घालून उभी केलेली गाडी त्यात येते. "मी चालवत नाही, फक्त उभी आहे" हे तिथे फारसं कामाला येत नाही. विम्याविना सापडलात तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दंड 4,000.

दंड ही त्यातली किरकोळ बाब. विम्याविना गाडीने कोणाला धडक दिली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती मालकाच्या खिशातून जाते. मृत्यू किंवा दुखापतीच्या भरपाईला कायद्यात वरची मर्यादा नाही. कमावता माणूस गेला तर रक्कम कितीतरी लाखांत जाते. आणि गाडी दोन वर्षांनी पहिल्यांदा बाहेर काढतो, तेव्हाच ब्रेक चिकटलेले असतात, टायर कडक झालेले असतात. म्हणजे धोका सगळ्यात जास्त असतो तो दिवस आणि विमा नसलेला दिवस नेमका एकच निघतो.

शिवाय उभ्या गाडीलाही पाणी लागतं, आग लागते, चोर लागतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईत पार्किंगमध्ये निवांत उभ्या असलेल्या गाड्याही बुडाल्या. पॉलिसी चालू असलेल्यांना दावा करायला जागा होती, बाकीच्यांना नव्हती.

आता मूळ गुंता. आपण ज्याला 'फुल इन्शुरन्स' म्हणतो, त्यात दोन वेगळे विमे एकत्र बांधलेले असतात. एक थर्ड पार्टी: आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे ओडी: आपल्याच गाडीचं नुकसान, चोरी, पूर, आग. पहिला सक्तीचा, दुसरा ऐच्छिक. पहिल्याचे दर केंद्र सरकार ठरवतं, दुसऱ्याचे कंपनी. खंड पडल्यावर जे अडतं ते जवळपास सगळं दुसऱ्यात अडतं. पहिला विमा बहुतेक वेळा तासाभराचं काम असतं. पण लोक जातात ते थेट 'फुल' मागायला. तिथे तपासणी, बोनस, किंमत यांत आठवडा जातो आणि तेवढे दिवस गाडी सक्तीच्या विम्याविनाही राहते.

म्हणून आधी थर्ड पार्टी घ्यावा. त्यासाठी गाडीची तपासणी लागत नाही, कारण गाडी ठेचकाळलेली असली तरी कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं. ती पैसे देणार समोरच्याला. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे 1,000 सीसीपर्यंतच्या खासगी कारला वर्षाला 2,094 रुपये, 1,000 ते 1,500 सीसीला 3,416, त्यापुढे 7,897. दुचाकीला 75 ते 150 सीसीमध्ये 714. वर 18 टक्के जीएसटी. म्हणजे मध्यम आकाराच्या कारला साधारण 4,031 रुपये. याखेरीज मालक-चालकाचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा जोडला जातो. तो तुमच्याकडे दुसऱ्या गाडीमुळे किंवा वेगळा घेतलेला असेल तर पुन्हा घ्यायची गरज नाही, फक्त तसं सांगावं लागतं.

दोन गोष्टी इथे बघायच्या. पैसे भरले म्हणजे विमा सुरू झाला असं नाही. खंड पडलेल्या पॉलिसीत सुरुवातीची तारीख आणि वेळ बऱ्याचदा पुढच्या मध्यरात्रीची किंवा आणखी एखाद-दोन दिवसांनंतरची असते. ती वाचल्याशिवाय गाडी गेटाबाहेर काढू नका. आणि दुसरं, कोणी "मागच्या तारखेची पॉलिसी काढून देतो" म्हणाला तर त्याच्या वाटेला जाऊ नका. विमा मागच्या तारखेने निघतच नाही. असा जो कागद मिळेल तो नकली असेल.

त्याच्याच जोडीचा एक गैरसमज: दोन वर्षं भरला नाही म्हणजे आता दोन वर्षांचा हप्ता आणि वर दंड भरावा लागेल. नाही. विमा कंपनी मागचं काही मागत नाही, कारण मागच्या काळात तिने काही जोखीम घेतलेलीच नसते. घरपट्टीची थकबाकी असते तसा हा प्रकार नाही.

मग ओडीच्या वेळी कंपनी एवढी खोदून का विचारते? तुम्ही विमा चुकवलात म्हणून तिला राग आलेला नसतो. तिला भीती एकाच गोष्टीची: आधीच झालेलं नुकसान तुम्ही आता तिच्या गळ्यात मारणार नाही ना? बंपर फुटला, मग विमा आठवला, आज पॉलिसी घेतली आणि परवा दावा टाकला, हे सर्रास घडतं. त्यामुळे पॉलिसीत एक दिवसाचा खंड असला तरी गाडी बघितल्याशिवाय ओडी देत नाहीत. याला धंद्यात 'ब्रेक-इन' म्हणतात आणि तपासणीला 'इन्स्पेक्शन'. हे एवढं लक्षात ठेवलं की पुढचे सगळे प्रश्न का विचारले जातात ते आपोआप कळतं.

पूर्वी सर्व्हेअर घरी यायचा. आता बहुतेक कंपन्या मोबाइलवर लिंक पाठवतात आणि व्हिडिओ तुम्हीच काढायचा असतो. ॲप उघडून थेट चित्रण करावं लागतं, गॅलरीतले जुने फोटो चालत नाहीत. नंबर प्लेट, चारही बाजू, आतून आणि बाहेरून पुढची काच, आरसी, किलोमीटरचा आकडा आणि चॅसी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला तिचा स्वतःचा क्रमांक. ऐकायला सोपं आहे. पण दीड वर्ष उभ्या गाडीची बॅटरी मेलेली असते, आणि डिजिटल मीटरवर बॅटरीशिवाय आकडा दिसतच नाही. म्हणजे आधी दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट, नाहीतर नवी बॅटरी. मेकॅनिकला घरी बोलवा. गाडी चालवत गॅरेजला नेणं हेच तर विम्याआधी करायचं नसतं.

खरी परीक्षा चॅसी नंबरची. बऱ्याच कारमध्ये तो बॉनेटखाली, काचेच्या खालच्या पत्र्यावर ठोकलेला असतो, काहींत पुढच्या सीटखाली गालिच्याची झडप उचलली की दिसतो. दुचाकीला हँडलच्या मानेवर. पावसाळे काढलेल्या गाडीत त्यावर धूळ, ग्रीस आणि गंज यांचा थर असतो, आणि मोबाइलच्या टॉर्चच्या झोतात पत्रा चकाकतो, आकडे मात्र दिसत नाहीत. रॉकेलने ओलसर केलेल्या फडक्याने हळू पुसा, मग टॉर्च समोरून न धरता बाजूने तिरपी धरा. खाचांत सावली पडून आकडे उठून दिसतात. पॉलिश पेपर मात्र लावू नका. एखादा आकडा घासला गेला की 8 चा 3 दिसतो, आणि नंबरात फेरफार केल्याचा संशय येतो. मग ते निस्तरायला आरटीओपर्यंत जावं लागतं.

किरकोळ ओरखडे तसेच राहू द्या. ते अहवालात नोंदले जातात, आणि त्या भागाचा दावा पुढे मिळत नाही एवढंच. काचेला तडा असेल तर मात्र आधी बदलून घेतलेलं बरं, कारण तडकलेल्या काचेवरून अहवाल अडकतो. अहवाल मंजूर झाला की पैसे भरायला फार थोडा अवधी मिळतो, बऱ्याचदा दोन-तीन दिवसांचाच. तो हुकला की व्हिडिओ पुन्हा. त्यामुळे कंपन्यांच्या दरांची तुलना वगैरे तपासणीच्या आधी उरकून घ्या.

आता पैशाचा मुद्दा, जिथे खरं नुकसान होतं. दावा न केल्याबद्दल ओडीच्या हप्त्यात सूट मिळते, तिला नो क्लेम बोनस म्हणतात. पहिल्या वर्षानंतर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50. पॉलिसी संपल्यापासून 90 दिवसांत नूतनीकरण केलं नाही की ही शिडी संपूर्ण पडते. अर्धी नाही, संपूर्ण. समजा ओडीचा मूळ हप्ता 8,000 आहे. 50 टक्के बोनस असताना जीएसटी धरून 4,720 रुपये लागत होते, आता 9,440 लागतील, आणि पुन्हा 50 टक्क्यांवर चढायला पाच बिनदाव्याची वर्षं. मधल्या काळात फक्त थर्ड पार्टी चालू ठेवला होता म्हणून बोनस वाचत नाही. तो ओडीशीच बांधलेला आहे. म्हणजे नव्वदाव्या दिवसाच्या आत ओडी घेणं हा सरळ पैशाचा व्यवहार आहे, गाडी चालवा अथवा चालवू नका.

ऑनलाइन फॉर्ममध्ये इथेच एक सापळा असतो. "मागची पॉलिसी कधी संपली?" आणि "मागच्या वर्षी दावा केला होता का?" या दोन प्रश्नांची उत्तरं तुम्ही काही दिली तरी हप्ता लगेच दिसतो. बोनसच्या रकान्यात 50 टाकलं की आकडा खाली येतो, आणि मोह होतो. कंपन्या आपसांत ही माहिती पडताळतात, कधी पॉलिसी दिल्यावर, कधी थेट दाव्याच्या वेळी. खोट्या बोनसवर घेतलेल्या पॉलिसीचा दावा कापला जातो किंवा नाकारला जातो. चार हजार वाचवून चाळीस हजारांवर पाणी सोडायचं.

गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, हीही खंडानंतर पुन्हा ठरते. नव्या गाडीला सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के घसारा, वर्षापर्यंत 15, मग 20, 30, 40 आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50. पाच वर्षांपुढे कुठलंही कोष्टक नाही; तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता. मिळून याचा व्यवहारातला अर्थ कंपनी सांगते आणि आपण मान डोलवतो. तसं करू नका. बाजारात त्या मॉडेलला काय भाव आहे ते बघून घासाघीस करता येते, निदान शाखेत बसून तरी.

एक वेगळी कोंडी 2018 नंतर घेतलेल्या गाड्यांची. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या कारला तीन आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळे काहींचा थर्ड पार्टी जिवंत असतो आणि ओडी कधीच मेलेला. मोबाइलवरच्या एम-परिवहनमध्ये विम्याची तारीख पुढची दिसते, मालक निर्धास्त असतो, आणि गाडी चोरीला गेल्यावर कळतं की तो कागद फक्त दुसऱ्यांसाठी होता. ॲपवरच्या तारखेवर विसंबू नका, पॉलिसीत दोन मुदती वेगवेगळ्या छापलेल्या असतात.

पीयूसीचं कोडं सुदैवाने सुटलंय. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीशिवाय विम्याचं नूतनीकरण करू नये असा आदेश दिला होता. त्यातून मजेशीर कोंडी झाली: पीयूसीसाठी गाडी केंद्रावर न्यायची, म्हणजे रस्त्यावर आणायची, आणि रस्त्यावर आणायला विमा नाही. जुलै 2024 मध्ये न्यायालयाने ती अट काढली. तरीही एखाद्या खिडकीवर अजून पीयूसी मागतात. शांतपणे सांगा, थर्ड पार्टी आधी द्या, पीयूसी विमा हातात आल्यावर काढतो.

पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं मात्र दुखणं खरं आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पुढे आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. मुदत संपण्याआधी 60 दिवसांत अर्ज करता येतो. उशीर झाला की जादा शुल्क, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर. आरटीओला नूतनीकरणासाठी चालू विमा हवा असतो, आणि विमा कंपनीची वेबसाइट मुदत संपलेली आरसी बघून पुढे सरकत नाही. इथेही तोड तीच: थर्ड पार्टी. वेबसाइट अडवत असेल तर न्यू इंडिया, नॅशनल, ओरिएंटल किंवा युनायटेड इंडिया या चार सरकारी कंपन्यांपैकी एखाद्या शाखेत जा. माणूस समोर असला की कागद पुढे सरकतात. ओडी आरसीचं नूतनीकरण झाल्यावर घ्या. नोंदणीची मुदत संपलेल्या गाडीच्या ओडीवर भिस्त ठेवू नये: तात्पुरत्या नोंदणीची मुदत संपलेल्या गाडीचा दावा नाकारणं सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये योग्य ठरवलं आहे. आणि 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली नसल्यास आरटीओतली कामं आणखी रखडतात.

सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर ते आरसीवर चढवलेलं आहे का बघा. टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी उभ्या गाडीत हमखास राहून जाते.

सगळ्यात जड प्रकरण म्हणजे गेलेल्या माणसाची गाडी. वडील गेले, गाडी सोसायटीत तशीच राहिली, वर्षश्राद्धानंतर कोणाला तरी ती वापरावीशी वाटली. आरसी वडिलांच्या नावावर, पॉलिसी केव्हाच संपलेली. 1 जानेवारी 2023 पासून प्रत्येक विम्याला केवायसी लागते, आणि हयात नसलेल्या माणसाची केवायसी होणार कशी? उलट आरटीओत वारसाच्या नावावर गाडी करायची तर फॉर्म 31 सोबत चालू विमा मागतात. नियमाचा मार्ग असा आहे: मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं, तीन महिन्यांत हस्तांतराचा अर्ज करायचा, पॉलिसी जिवंत असेल तर तीही वारसाच्या ताब्यातल्या गाडीला तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी असेल तोवर चालते. त्या दिवसांत हे कोणाच्या डोक्यात असतं? पण त्या तीन महिन्यांत जे काम होतं ते नंतर तिप्पट वेळ घेतं. मुदत टळली असेल तर ऑनलाइन प्रयत्नांत वेळ घालवू नका. मृत्यूचा दाखला, आरसी, वारसांची संमती आणि जुनी पॉलिसी घेऊन शाखेत जा, हस्तांतरासाठी थर्ड पार्टी हवा आहे असं स्पष्ट सांगा, आणि पॉलिसी कोणाच्या नावाने व कशाच्या आधारावर दिली ते लेखी घ्या. ज्यांचे आईवडील हयात आहेत त्यांनी आरसीवर नॉमिनीचं नाव लावून घ्यावं. 2021 पासून ती सोय आहे, आणि फार थोडे लोक वापरतात.

राहता राहिले ते जे जाणूनबुजून गाडी उभी ठेवून जातात: दोन वर्षांसाठी परदेशी निघालेले, बोटीवर नोकरी करणारे, लांबच्या बदलीवर गेलेले. गाडी विकून जाणार असाल तर कंपनीकडून बोनसचं पत्र घेऊन ठेवा, ते तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीला लावता येतं. ठेवून जाणार असाल तर ओडी चालू ठेवून 'पे ॲज यू ड्राइव्ह' प्रकार घेता येतो, ज्यात हप्ता किलोमीटरवर बेतलेला असतो. विमा नियामकाने जुलै 2022 मध्ये त्याला वाट मोकळी केली. आणि एक जुनी, जवळपास विसरलेली तरतूद आहे. मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे मोटार विम्याच्या जुन्या दर-नियमावलीत, गाडी गॅरेजमध्ये बंद ठेवण्याच्या काळासाठी 'आयएमटी 11' हे कलम आहे: गाडी सलग किमान दोन महिने बंद राहणार असल्याचं आधी लेखी कळवायचं, तेवढ्या काळात आग किंवा चोरीचं संरक्षण ठेवायचं आणि उरलेल्या हप्त्याची सवलत घ्यायची. शाखेतला तरुण अधिकारी या नावाने गोंधळला तर पॉलिसीच्या पुस्तिकेतलं पृष्ठांकनाचं (एंडोर्समेंटचं, म्हणजे जोडकलमांचं) पान त्याच्यापुढे ठेवा. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्या, कारण 'आधी कळवलं' हे सिद्ध करायची जबाबदारी तुमची असते.